बघून घ्या

बॅटरीच्या टर्मिनलला दुसऱ्या वायरचं टोक टेकवलं आणि 'चट्' असा आवाज होऊन ठिणगी उडाली. मी दचकून हात मागे घेतला. मग ट्रेलरच्या आत जाऊन दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पंख्याचं दाबलं. पंखा ढिम्म. दारात उभी असलेली बायको म्हणाली, "अरे, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला आहेस ना?"

आहे. सांगलीला चार वर्षं घालवून डिग्री घेतली आहे. त्यानंतर पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत आलो, पण बारा व्होल्टची बॅटरी जोडायला डिग्री लागत नाही. दोन वायरी, दोन टर्मिनल. चुकायची शक्यता निम्मी. मी चुकलो.

आधी ट्रेलर म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की ऊस भरलेला ट्रॅक्टरचा ट्रेलर डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरीएवढं बाथरूम. आम्ही मिशिगनमध्ये डेट्रॉईटजवळ राहायचो. २०२२च्या एप्रिलमध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून बारा वर्षं जुना, वीस फुटी ट्रेलर ८,५०० डॉलरना घेतला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर ती म्हणाली, "लोक घर घेतात, तू डबा घेतलास."

डब्याला बॅटरी नव्हती. मिशिगनच्या थंडीत लोक ट्रेलर अंगणात झाकून ठेवतात आणि बॅटरी काढून घरात आणतात. त्या गृहस्थांची जुनी बॅटरी संपली होती, ती त्यांनी टाकून दिली. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर रिकामा खोका होता आणि त्यातून दोन वायरी बाहेर लोंबत होत्या. एक काळी, एक पांढरी. मी नवी बॅटरी आणली, काळी वायर निगेटिव्हला लावली आणि उरलेली पांढरी पॉझिटिव्हला टेकवली.

माझ्या डोक्यात काळ्या रंगाबद्दल शंकाच नव्हती. कराडच्या घरात फ्यूजची तार बदलताना पप्पा सांगायचे, लाल वायरीच्या वाटेला जायचं नाही. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. मोटरसायकलच्या बॅटरीला काळी वायर निगेटिव्ह. कॉलेजच्या लॅबमध्ये मल्टिमीटरची काळी पिन निगेटिव्ह. लहानपणापासून काळी म्हणजे गरीब वायर.

अमेरिकेतल्या घरांत मात्र काळी वायर फेजची असते आणि पांढरी न्यूट्रल. आणि ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बॅटरीच्या वायरींनाही बहुतेक वेळा हेच रंग असतात. काळी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. पांढरी वायर पुढे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने कसलेली असते. वाकून तिचा माग काढला असता तरी कळलं असतं. मल्टिमीटर तर बॅगेतच होता.

ट्रेलरमध्ये कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. बाहेरच्या प्लगमधून आलेल्या १२० व्होल्टच्या विजेचे तो बारा व्होल्ट करतो आणि बॅटरीही चार्ज करतो. बॅटरी उलटी जोडली की उलटा करंट धो धो वाहू लागतो. अशा वेळी कन्व्हर्टर जळू नये म्हणून त्याच्या अलीकडे फ्यूज बसवलेले असतात. माझ्या ट्रेलरमध्ये असे दोन होते. दोन्ही उडाले. म्हणजे ज्याने हा डबा डिझाइन केला, त्याला माझ्यासारखा कुणीतरी येणार हे ठाऊक होतं.

फ्यूज काही डॉलरना मिळाले. ते बदलले, वायरी सुलट्या केल्या, दिवे लागले. मग मी रागारागाने त्या गृहस्थांना फोन केला. काळी वायर पॉझिटिव्ह आहे हे सांगायला काय झालं होतं? पलीकडून ते शांतपणे म्हणाले, "काळी तर नेहमीच हॉट असते. तू विचारलं नाहीस."

फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "लोक माहिती लपवतात आणि वर आपल्यालाच शिकवतात."

*

तो राग दोन वर्षं माझ्याजवळ होता. मित्रांमध्ये किस्सा सांगताना मी त्या गृहस्थांना नेहमी जरा जास्तच बेरकी रंगवायचो. खरं तर त्यांनी काही लपवलं होतं का? त्यांच्या लेखी काळी वायर पॉझिटिव्ह असणं ही सांगण्यासारखी माहितीच नव्हती. मी कुणाला गाडी विकली तर ब्रेक कुठल्या पायाखाली असतो ते सांगेन का? जे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, ते दुसऱ्याला माहीत नसेल ही शंकाही आपल्याला येत नाही. म्हणून न सांगणं आणि लपवणं यांत फरक करायला हवा.

हा फरक नेमका कुठे करायचा, यावरचा एक वाद दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने इसवी सनपूर्व ४४ मध्ये अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात तो एका व्यापाऱ्याची गोष्ट घेतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन तिथे पोहोचतो. आपल्या मागून धान्याची आणखी जहाजं येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिलेलं आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते माहीत नाही. त्याने सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा?

या प्रश्नावर दोन स्टोइक तत्त्वज्ञ समोरासमोर उभे राहतात. बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर. गुरूचं म्हणणं असं की कायद्याने जेवढे दोष सांगायला लावलेत तेवढे सांगा, फसवाफसवी करू नका, पण मला जे जे माहीत आहे ते सगळं गिऱ्हाइकाला सांगत बसायला मी बांधील नाही. शिष्य म्हणतो, तुम्ही माणसांच्या समाजात राहता. त्यांच्या भल्याची गोष्ट तुम्हाला माहीत असताना ती त्यांच्यापासून दूर कशी ठेवता?

सिसेरो दुसरं उदाहरण घराचं देतो. घर विकायला काढलं आहे. त्याचं लाकूड किडकं आहे, खोल्यांत साप निघतात आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. इथे सिसेरो स्वतः कौल देतो आणि तो शिष्याच्या बाजूने आहे. गप्प बसणं म्हणजे दर वेळी लपवणं नव्हे, हे तो मान्य करतो. पण जी गोष्ट समोरच्याला कळणं त्याच्या हिताचं आहे, ती त्याला कळू नये असं तुम्हाला तुमच्या फायद्यासाठी वाटत असेल, तर ते लपवणंच.

हा निकष मला पटतो, कारण तो तोंडातून किती शब्द निघाले ते मोजत नाही, मनात काय चाललं होतं ते विचारतो. त्या गृहस्थांना मी चुकावं असं वाटत नव्हतं. माझ्या चुकीने त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. म्हणजे ते सुटले.

मी मात्र दोन वर्षांनी त्याच निकषावर अडकलो.

*

फ्यूज बदलल्यावर सगळं ठीक चाललं होतं, जवळपास. दोन उन्हाळे आम्ही मिशिगन पालथं घातलं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मॅकिनॉचा पूल ओलांडून उत्तरेला अप्पर पेनिन्सुलामध्ये गेलो. लेक सुपीरिअरच्या काठी मुक्काम होता. कॅम्पग्राउंडवर विजेचा प्लग होता, म्हणून निर्धास्त हीटर लावून झोपलो. ट्रेलरचा हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा खेळवणारा त्याचा पंखा बारा व्होल्टवर चालतो. पहाटे तीनला जाग आली तेव्हा पंखा बंद होता आणि तोंडातून वाफ निघत होती. बायको दोन पांघरुणांखाली काकडत होती. मीटर लावून बघितलं. प्लग चालू असताना बॅटरीवर साधारण १३.६ व्होल्ट दिसायला हवेत. दिसत होते अकराच्या आसपास. म्हणजे कन्व्हर्टरने कधीतरी चार्जिंग थांबवलं होतं आणि पंख्याने बॅटरी पिऊन टाकली होती. मी कन्व्हर्टरच्या डब्यावर दोन चापट्या मारल्या. गुणगुण सुरू झाली. १३.६.

नंतर असं आणखी दोनदा झालं. मधल्या काळात सगळं व्यवस्थित. त्या पहिल्या ठिणगीने आत काहीतरी अर्धवट भाजलं असावं, असा मला संशय आहे. सिद्ध करता येत नाही. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आणि तपासायचेच पैसे वेगळे. 'पुढच्या सीझनला बघू' म्हणून सोडून दिलं.

आमच्या धंद्यात अशा दोषाला फार मान आहे. कधीतरीच येणारा बग. दहा वेळा टेस्ट चालवली तर नऊ वेळा हिरवी. दहाव्या वेळी लाल झाली की आपण पुन्हा चालवतो, हिरवी झाली की कोड पुढे ढकलतो. शुक्रवारी संध्याकाळी मी हे किती वेळा केलंय ते मोजलेलं नाही. बग डेमोच्या दिवशी दिसला नाही म्हणजे तो आपला प्रश्न राहिला नाही.

२०२४च्या मे महिन्यात एका सकाळी कंपनीचा ईमेल आला आणि दुपारी लॅपटॉप बंद पडला. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर बॅगा भरायच्या. आम्ही फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि रोज एक चौकोन खोडू लागलो. भाडं, गाडीचा हप्ता, विमा. विकता येण्यासारखी एकच मोठी वस्तू होती. मी ७,००० डॉलरची जाहिरात टाकली. जाहिरातीत सगळे लिहितात तसं 'ॲज इज' लिहिलं. म्हणजे आहे तसा, मागाहून तक्रार चालणार नाही.

पाचव्या दिवशी एक जोडपं आलं. आमच्याच वयाचं. सोबत तीन-चार वर्षांची मुलगी. ती पलंगावर चढून उड्या मारायला लागली. नवऱ्याने टायर बघितले, छत बघितलं, शेगडी पेटवून बघितली. मग विचारलं, "सगळं चालतं ना?"

मी हसलो. मल्टिमीटर बॅटरीला लावला आणि त्याच्यापुढे धरला. १३.६. म्हणालो, "तुम्हीच बघून घ्या."

मीटर खरं बोलत होता. मी शब्दानेही खोटं बोललो नव्हतो.

बायको पायरीवर उभी होती. तिने मराठीत विचारलं, "त्या रात्रीचं सांगितलंस?"

मी मराठीतच म्हणालो, "नंतर बोलू."

ते दोघं आमच्याकडे बघून हसले. परक्या भाषेत नवरा-बायको बोलत असले की लोक हसतात तसं. ६,५०० ला सौदा ठरला. त्याने ५०० डॉलर आगाऊ दिले. शनिवारी येऊन घेऊन जाणार होता.

*

परदेशात मराठी बोलण्याचं आपल्याला केवढं कौतुक. दुकानात भाव महाग आहे हे समोरच्याला न कळता सांगता येतं, याचीही एक गंमत असते. त्या दिवशी पहिल्यांदा मला मराठीची लाज वाटली. भाषेची नव्हे, मी तिचा आडोसा केला त्याची. तिथे उभ्या असलेल्या चार मोठ्या माणसांपैकी दोघांना काय ते माहीत होतं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्या दोघांसमोर आम्ही ते उघड उघड बोललो होतो. लपवण्याला याहून चांगला पुरावा काय हवा?

रात्री झोप लागेना. 'बघून घ्या' हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते ते आठवत होतो.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. दिवाळीला सगळे जमले की ती निघतेच. आजोबांचा एक बैल होता. दिसायला देखणा, पण खोडीचा. औताला जुंपला की थोडा वेळ नीट चालायचा आणि मधेच फतकल मारून बसायचा. शेपूट पिरगाळा, चाबूक ओढा, उठायचा नाही. आजोबांनी तो पुसेगावच्या यात्रेत बाजाराला नेला. गिऱ्हाईक आलं. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला. मग विचारलं, "खोड-बीड न्हाई न्हवं?" आजोबा म्हणाले, "जनावर डोळ्यांम्होरं हुबं हाय. बघून घ्या." उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरला. आजोबा पैसे कनवटीला लावून संध्याकाळच्या आत गावाकडे निघाले.

या ठिकाणी सगळे हसतात. मीही लहानपणापासून हसत आलो. आजोबा खोटं एक अक्षर बोलले नाहीत, ही त्या गोष्टीतली हुशारी.

अमेरिकेत मध्यरात्र म्हणजे कराडात सकाळ. पप्पांना फोन लावला. नोकरीचं विचारून झाल्यावर मी म्हणालो, "पप्पा, तो बैल घेतलेल्या माणसाचं पुढं काय झालं?"

"कुठला बैल?"

"पुसेगावचा."

ते जरा थांबले. "कुणाला ठाऊक. त्यानं पण पुढं कुणाला तरी विकला असंल."

तीस-चाळीस वेळा ऐकलेल्या त्या गोष्टीत तो माणूस कधी आपल्या गावी पोहोचलाच नव्हता. पेरणीच्या दिवसांत, वापसा असताना, शेजारी पुढे निघून जात असताना त्याचा बैल मधेच बसला असेल. तिथवर आमची गोष्ट कधी गेली नाही.

*

त्या रात्री माझ्या बाजूने काय काय म्हणता येईल ते सगळं मी म्हणून बघितलं. उगाच स्वतःला झोडपण्यात अर्थ नसतो, वादात दोन्ही बाजू हव्यात.

एक, 'ॲज इज' लिहिलं आहे. घेणाऱ्याने तपासून घ्यावं. हे ठीक, पण जे तपासून सापडू शकतं त्यालाच हे लागू पडतं. टायर झिजलेला आहे की नाही हे दिसतं. पंधरा दिवसांतून एकदा पहाटे थांबणारा कन्व्हर्टर अर्ध्या तासाच्या भेटीत कुणालाही दिसणार नाही. दिसूच शकत नाही ते 'बघून घ्या' म्हणणं म्हणजे आंधळ्याला आरसा देणं.

दोन, मला तरी कुठे खात्री आहे? कदाचित बॅटरीचाच दोष असेल, कदाचित एखादी वायर सैल असेल. पण 'कारण माहीत नाही' आणि 'काही माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण सांगायला मी बांधील नव्हतो. त्या पहाटे काय झालं ते सांगता येत होतं.

तीन, मला गरज आहे. नोकरी नाही, कॅलेंडरवरचे चौकोन संपत आलेत. हा मुद्दा सगळ्यात जड होता आणि मी तो हलका करणार नाही. पोट भरलेल्या माणसाने प्रामाणिकपणावर व्याख्यान देणं सोपं असतं. पण माझी गरज त्या मुलीच्या आईवडिलांना माहीत नव्हती. माझ्या अडचणीची किंमत त्यांनी द्यावी असं मी त्यांना विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी दिलीही असती. मी ती परस्पर वसूल करत होतो.

शिवाय ही नुसती थंडीची बाब नव्हती. ट्रेलरला 'ब्रेकअवे स्विच' असतो. महामार्गावर ट्रेलर गाडीपासून सुटला तर एक दोरी ओढली जाते, खिट्टी निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ते ब्रेक ज्या विजेवर लागतात ती या बॅटरीतून येते. बॅटरी मेलेली असेल तर सुटलेला ट्रेलर तसाच धावत सुटतो. मॅकिनॉच्या आठ किलोमीटर लांब पुलावर मागच्या गाडीत जो असेल, त्याने तर आमचा सौदा पाहिलेलाही नाही.

अर्थशास्त्रात याची एक प्रसिद्ध मांडणी आहे. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरीचीच किंमत देतो. मग चांगली गाडी असलेल्याला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून उठतो. उरतात खोडीचे बैल. म्हणजे गप्प बसणारा एका गिऱ्हाइकाचं नुकसान करतोच, पण उद्या खरं बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमतही आजच कमी करून ठेवतो.

पण रात्री दोन वाजता मला अकरलॉफने हलवलं नाही. हलवलं ते एका साध्या गोष्टीने. ज्याने मला ट्रेलर विकला त्याला माझा पाय कुठे घसरणार हे माहीत नव्हतं. मला त्या जोडप्याचा पाय कुठे घसरणार हे तंतोतंत माहीत होतं, कारण मी तिथेच पडलो होतो. चुकलेल्या माणसाला आपण कमी लेखतो, पण त्या एका जागेपुरता तो सगळ्यांत जाणकार असतो. म्हणून त्याच्यावर जास्तीचं ऋण येतं. ते गृहस्थ गप्प बसले तर तो विसराळूपणा. मी गप्प बसलो तर त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो मी दोन वर्षं त्यांच्यासाठी वापरत आलो होतो.

मग सगळंच सांगायचं का? पडद्याचा रंग मला आवडत नाही हेही? नाही. मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले. मला माहीत आहे का? त्याला सरळ मार्गाने कळू शकतं का? कळलं तर त्याचा निर्णय बदलेल का? पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर 'हो' आणि मधल्याचं 'नाही' असेल, तर तोंड उघडायचं. हा काही धर्मग्रंथ नव्हे. पण रात्री दोनला एवढं पुरतं.

*

सकाळी मी त्या माणसाला फोन केला. थंडीची रात्र सांगितली, चापट्या सांगितल्या, दोन वर्षांपूर्वीची उलटी बॅटरीही सांगितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काल मी विचारलं होतं तुला."

"हो," मी म्हणालो. त्यावर दुसरं उत्तर नव्हतं.

त्याने व्यवहार रद्द केला. मी ५०० डॉलर परत पाठवले. आभार वगैरे त्याने मानले नाहीत, आणि मानावेत असं मी काही केलंही नव्हतं. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

जाहिरातीत दोष लिहिल्यावर फोन कमी झाले. अठरा दिवसांनी एक वयस्कर माणूस आला, स्वतः दुरुस्त्या करणारा. सगळं ऐकून घेऊन त्याने ५,६०० सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. आधीच्या सौद्यापेक्षा ९०० डॉलर कमी. आमचं जवळपास अर्ध्या महिन्याचं भाडं. पुढे मला नोकरी मिळाली, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही. ९०० गेले ते गेले.

ट्रेलर नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मी लाल चिकटपट्टी आणून काळ्या वायरीच्या टोकाला गुंडाळली आणि खोक्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहिलं, काळी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. हे मी दोन वर्षांपूर्वी, फ्यूज बदलले त्याच दिवशी करू शकलो असतो. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला वाटत होतं की आता मला कळलंय, म्हणजे झालं.

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर सगळे जमले होते. काकांनी बैलाची गोष्ट काढली. शेवटाला सगळे हसले. मी म्हणालो, "पण त्या माणसाची पेरणी झाली असेल का हो, काका?"

काका म्हणाले, "तू अमेरिकेला जाऊन लई शाणा झालास."

पप्पा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याचं गाव आप्पांना माहीत होतं."